जयपूरचे गुरुजी आणि सोलापूरचे दोन विद्यार्थी

मराठवाड्यातील कित्येक जैन घरांच्या बैठकीत एका वृद्ध दिगंबर मुनींचे छायाचित्र लावलेले आढळते. घरातील आजोबा कारंजा येथील गुरुकुलात शिकलेले असतात, किंवा वडील वेरूळच्या गुरुकुलात राहिलेले असतात, आणि त्या घरात या मुनींचा उल्लेख केवळ ‘गुरुदेव’ एवढ्याच शब्दाने होतो. परमपूज्य समंतभद्र महाराजांची ओळख समाजाला करून देण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी शेकडो शिक्षक घडविले ते गुरुदेव स्वतः कोणाच्या हाताखाली शिक्षक झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर शोधू लागले असता वाट सोलापूर जिल्ह्यातून थेट जयपूरला जाते, आणि तेथे गुरुदेवांच्या नावाशेजारी आणखी एका मराठी विद्यार्थ्याचे नाव सापडते. तो विद्यार्थी १९१५ साली फासावर गेला. दोघांचे गुरुजी एकच होते, पंडित अर्जुनलाल सेठी.

या तिघांची कथा एकत्र सांगितली जात नाही. गुरुदेवांच्या चरित्रात सेठीजी ओझरते येतात. क्रांतिकारकांच्या इतिहासात मोतीचंद शहा यांचे नाव एखाद्या ओळीत येते आणि संपते. राजस्थानात सेठीजींचे स्मरण केले जाते, पण तेथे करमाळा आणि करकंब ही गावे कोणास ठाऊक असणार? म्हणून हा धागा येथे एकत्र गुंफण्याचा प्रयत्न आहे.

तो काळ जैन समाजात शिक्षणाची हाक उठण्याचा होता. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी ठिकठिकाणी जैन बोर्डिंग उभारण्यास हातभार लावला होता. सोलापुरात शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांचे ‘जैन बोधक’ हे नियतकालिक समाजाला जागे करीत होते. कोल्हापूरच्या बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक हूड विद्यार्थी राहून गेला, तो पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून महाराष्ट्राला वंदनीय झाला. बोर्डिंगमुळे खेड्यातील मुलाची राहण्या-जेवण्याची सोय झाली, यात शंका नाही. परंतु मुलगा शिकायला सरकारी शाळेत जाई आणि झोपायला बोर्डिंगात येई. शिक्षक आणि विद्यार्थी यांनी एका छपराखाली राहावे, एका पंगतीत जेवावे, शिक्षकाच्या वागण्यातूनच मुलाला धडा मिळावा, अशी शाळा हवी होती. तशी शाळा जयपूरमध्ये निघाली होती.

अर्जुनलाल सेठी यांचा जन्म १८८० साली जयपूर येथे झाला. १९०२ मध्ये ते बी. ए. झाले. त्या काळी संस्थानी राज्यात बी. ए. झालेल्या तरुणाला मानाची नोकरी घरबसल्या मिळत असे. सेठीजींनी ती वाट सोडली आणि मास्तरकी पत्करली. मथुरा, सहारनपूर येथे समाजाच्या शिक्षणसंस्थांत काम करून ते जयपूरला परतले व तेथे त्यांनी वर्धमान विद्यालय सुरू केले. संस्कृत, हिंदी, इंग्रजी, फारसी अशा अनेक भाषांत त्यांची गती होती. धर्मशास्त्र तर ते शिकवीतच, पण त्यासोबत इतिहास आणि देशाची चालू स्थितीही शिकवीत. ‘महेंद्रकुमार’ नावाचे नाटक त्यांनी लिहिले आणि विद्यार्थ्यांकडून रंगभूमीवर आणविले. धर्मपाठशाळेतील मुले नाटक करतात, ही गोष्टच तेव्हाच्या कर्मठ मंडळींना पचण्यासारखी नव्हती.

विद्यालयाचे आणखी एक अंग होते, ते मात्र वार्षिक अहवालात छापता येण्याजोगे नव्हते. १९०५ च्या वंगभंगानंतर देशभर असंतोष पेटला होता. १९०८ साली लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला जॅक्सनचा वध झाला आणि पुढील एप्रिलमध्ये अनंत कान्हेरे या विद्यार्थ्याला फाशी झाली. रासबिहारी बोस यांच्या उत्तर हिंदुस्थानातील गुप्त संघटनेशी सेठीजींचा संबंध होता. दिल्लीचे मास्टर अमीरचंद हेही पेशाने शिक्षकच. राजस्थानातील थोर क्रांतिकारक केसरीसिंह बारहठ यांचे चिरंजीव प्रतापसिंह सेठीजींच्या विद्यालयात शिकले. म्हणजे एकाच छपराखाली सकाळी सामायिक व स्वाध्याय चाले आणि रात्री मॅझिनीचे चरित्र वाचले जाई.

या विद्यालयाची कीर्ती दक्षिणेत पोहोचली. सोलापूर जिल्ह्यातील काही तरुण जयपूरला गेले. त्यांत करमाळ्याचे देवचंद कस्तुरचंद शहा होते आणि पंढरपूर तालुक्यातील करकंबचे मोतीचंद शहा होते. मोतीचंद १८९० चे, देवचंद १८९१ चे. दोघेही विशीतले. दोघांच्या मनात घर-संसार करावयाचा नाही, समाजासाठी काही करावयाचे, हा ध्यास. जयपूर हे त्या काळी सोलापूरहून किती दूर, याची कल्पना आजच्या मुलांना यायची नाही. भाषा निराळी, हवा निराळी, जेवण निराळे. तरीही ही मुले गेली, ती गुरुजींचे नाव ऐकून.

गुरुजींनी त्यांना काय दिले? पुढील काळात दोघांनी जे केले, त्यावरूनच ते ओळखावे लागते. आपला देह आपल्या सुखासाठी नाही, ही शिकवण दोघांनीही उचलली. फरक पुढे पडला.

विद्यालयात मिर्झापूरचे विष्णुदत्त नावाचे एक पंडित होते. देशकार्यासाठी पैसा हवा, तो श्रीमंतांकडून बळाने आणावा, हा विचार त्यांनी तरुणांच्या गळी उतरविला. त्याची परिणती २० मार्च १९१३ रोजी झाली. बिहारमधील त्या वेळच्या शाहाबाद जिल्ह्यातील निमेज या गावी एका मठावर काही तरुण गेले. मठात धन आहे, अशी माहिती त्यांना होती. त्यांनी महंत आणि त्यांचा सेवक यांचा वध केला, परंतु तिजोरी काही त्यांना उघडता आली नाही. ते रिकाम्या हाताने परतले. मोतीचंद त्यांच्यापैकी एक होते. केसरीसिंहांचे बंधू जोरावरसिंह हे दुसरे.

येथे लेखणी थबकते. स्वातंत्र्यासाठी प्राण देणाऱ्यांपुढे मस्तक नमते, हे खरे. पण निमेजचे महंत इंग्रज अधिकारी नव्हते, आणि त्यांचा सेवक तर कोणाच्याच वैरातला नव्हता. अहिंसेचे व्रत घेणाऱ्या धर्माच्या विद्यालयातून निघालेल्या तरुणांच्या हातून हे घडले. समाजाच्या अनेक लेखांत हा प्रसंग ‘महंतांकडील धन मिळविण्याच्या प्रयत्नात’ अशा गुळगुळीत शब्दांत उरकलेला दिसतो. तसे करणे मोतीचंदांवरही अन्यायाचे आहे, कारण त्यांनी जी किंमत मोजली ती या कृत्यासाठी मोजली. आणि ज्या दोन जीवांचा अंत झाला, त्यांची नोंदही कोणी तरी ठेवलीच पाहिजे.

काही काळ प्रकरणाचा तपास लागला नाही. दरम्यान दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर २३ डिसेंबर १९१२ रोजी झालेल्या बॉम्बहल्ल्याचा शोध चालू होता. त्या शोधाचे धागे वर्धमान विद्यालयापर्यंत आले. सेठीजी तोवर इंदूरला शिक्षकाच्या कामावर गेले होते. १९१४ मध्ये ते तेथे पकडले गेले आणि निमेजचा उलगडाही त्याच ओघात झाला. खटल्यात विष्णुदत्तांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मोतीचंदांना देहदंड झाला. १९१५ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, करकंबच्या या तरुणाने फास गळ्यात घेतला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दिल्ली कटातील मास्टर अमीरचंदही फाशी गेले. प्रतापसिंह १९१८ साली बरेलीच्या तुरुंगात मरण पावले. जोरावरसिंह मात्र कधीच हाती लागले नाहीत. १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते भूमिगतच राहिले. क्रांतिकारक चळवळींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती रौलट यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने जी समिती नेमली, तिच्या १९१८ च्या अहवालात निमेजचे प्रकरण आहे. आरोपींमधले तरुण सोलापूरकडून जयपूरला जैन शिक्षकाकडे शिकावयास आले होते, ही नोंदही त्यात आहे. ज्या अहवालातून पुढे रौलट कायदा निघाला आणि ज्या कायद्याविरुद्ध जालियनवाला बाग घडली, त्या अहवालात आपल्या समाजातील एका मास्तराची शाळा अशी नोंदली गेली आहे.

सेठीजींवर कोणताही गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला नाही. खरे तर तसा खटला उभाच राहिला नाही. सरकारने त्यांना खटल्यावाचूनच डांबून ठेवले, प्रथम जयपूरला आणि नंतर दूर मद्रास इलाख्यात वेल्लोरच्या तुरुंगात. जिनदर्शनाशिवाय अन्न घ्यावयाचे नाही, हा त्यांचा नियम होता. तुरुंगात जिनप्रतिमा मिळेना, म्हणून त्यांनी अन्न वर्ज्य केले. उपवास लांबला, समाजात खळबळ माजली, आणि अखेर प्रतिमेची व्यवस्था झाली, तेव्हाच त्यांनी आहार घेतला. १९२० मध्ये त्यांची सुटका झाली. मॅझिनी शिकविणारा गुरुजी जिनदर्शनासाठी प्राण पणाला लावतो, हे पाहिले म्हणजे त्यांच्या विद्यालयात दोन विचार एकत्र कसे नांदत असतील, याची थोडीफार कल्पना येते. विद्यार्थ्यांनी कोणता उचलावा, हे मात्र गुरुजींच्या हाती राहिले नाही.

आता देवचंदांकडे वळावे. निमेजच्या प्रसंगात त्यांचा भाग नव्हता. जयपूरचा मुक्काम संपवून ते परतले आणि त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतली. ज्या वर्षी मोतीचंद फासावर गेले, त्या वर्षी देवचंदांचे वय चोवीस होते. आपल्या गुरुजींना तुरुंगात आणि सोबत्याला वधस्तंभावर पाहून या तरुणाच्या मनात काय उलथापालथ झाली असेल? त्यांनी पुढे काय केले, ते मात्र सर्वांसमोर आहे. नोकरी धरली नाही, विवाह केला नाही, आजन्म ब्रह्मचर्य स्वीकारले आणि १९१८ साली वऱ्हाडात कारंजा येथे श्री महावीर ब्रह्मचर्याश्रम ही संस्था काढली. हेच कारंजाचे जैन गुरुकुल होय. सेठीजी तेव्हा तुरुंगातच होते.

कारंजा का निवडले, हे समजण्यास त्या गावाचा थोडा परिचय हवा. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेवरचे हे कापसाचे गाव. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण या तिन्ही भट्टारक परंपरांची मंदिरे येथे आहेत आणि त्यांतील हस्तलिखितांचे भांडार फार मोठे. प्रा. हिरालाल जैन यांनी त्या भांडाराचा अभ्यास केला, तेव्हा कित्येक शतके कपाटात पडलेले अपभ्रंश ग्रंथ उजेडात आले. पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिले आणि १९३१ मध्ये ते कारंजा जैन ग्रंथमालेत निघाले. मराठी ही अपभ्रंशाची लेक मानली, तर आपल्या भाषेच्या माहेरचे दागिने कारंजाच्या पेटाऱ्यात होते म्हणावयाचे. सधन आणि धर्मप्रेमी श्रावकांची घरेही येथे होती. त्यांनी तरुण पदवीधरावर विश्वास टाकला.

गुरुकुलाची रीत आज सर्वांना परिचित वाटते, परंतु १९१८ मध्ये ती नवी होती. पहाटे उठणे, देवदर्शन, व्यायाम, शाळेचा सरकारमान्य अभ्यासक्रम, त्यासोबत धर्माचे अध्ययन, सायंकाळी प्रार्थना. सधनाचा मुलगा आणि निर्धनाचा मुलगा एकाच पंगतीत. स्वतःचे कपडे स्वतः धुवावयाचे. शिक्षक विद्यार्थ्यांसोबतच राहावयाचे. यातील बराचसा भाग देवचंद जयपूरहून घेऊन आले असावेत, असे मानण्यास जागा आहे. जे त्यांनी आणले नाही, तेही पाहण्यासारखे आहे. कारंजाच्या गुरुकुलात गुप्त असे काहीच नव्हते. अमुक विद्यार्थ्याला सांगावे आणि तमुक विद्यार्थ्यापासून लपवावे, असा कोणताही धडा तेथे नव्हता. गुरुजींच्या शाळेतील उजेडातला अर्धा भाग शिष्याने उचलला आणि काळोखातला तेथेच सोडला.

कोणी म्हणेल, हा केवळ सरकारचा धाक. धाक असता तर त्यांनी वकिली किंवा व्यापार पत्करला असता. पोलिसांच्या नजरेवर असलेल्या विद्यालयातून आलेल्या तरुणाने पुन्हा मुलांचे वसतिगृहच चालवावे, यात धाक कोठे दिसतो?

आपल्या भागाचा संबंध येथेच येतो. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्या काळी हिंगोली, वसमत, कळमनुरी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात परभणी जिल्ह्यात होता. राज्यकारभार उर्दूत, वरिष्ठ शिक्षणही उर्दूत. ज्या १९१८ साली कारंजात गुरुकुल निघाले, त्याच साली हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उर्दूला नावे ठेवण्याचे कारण नाही, ती गोड भाषा आहे. परंतु घरी मराठी बोलणाऱ्या, दुकानावर मोडीत जमाखर्च मांडणाऱ्या वाण्याच्या मुलाला तिच्यातून गणित शिकणे जड जाई. मराठी शाळा थोड्या, आणि ज्या होत्या त्यांच्यावर सरकारची करडी नजर. अशा स्थितीत पैनगंगेच्या पलीकडे, वाशीमच्या पुढे, मराठीतून शिकविणारी आणि धर्मही जपणारी शाळा निघाली, ही गोष्ट या भागातील जैन कुटुंबांस किती मोलाची वाटली असेल!

पैनगंगा ओलांडली की राज्य बदलत असे. निजामाच्या हद्दीत मालावर करोडगिरी द्यावी लागे. कापडाचे गठ्ठे नाक्यावर उघडून मोजले जात. हिंगोलीहून वाशीमला जाताना लागणाऱ्या कनेरगावच्या नावापुढे आजही ‘नाका’ हा शब्द जोडलेला आहे, मात्र तेथून जाणाऱ्या तरुणांना त्याचा अर्थ सांगावा लागतो. कापडावर जकात होती, विद्येवर नव्हती. हद्दीपलीकडे शिकलेला मुलगा परतताना जे घेऊन येई, ते कोणत्याही नाक्यावर मोजता आले नाही.

पुढील वाटचाल येथे थोडक्यात सांगितली तरी चालेल, कारण ती अनेक ग्रंथांत विस्ताराने आली आहे. १९३३ मध्ये देवचंदांनी क्षुल्लक दीक्षा घेतली आणि ते समंतभद्र झाले. १९३४ मध्ये कुंभोजच्या डोंगरापायथ्याशी बाहुबली ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली. १९५२ मध्ये मुनिदीक्षा. १९६३ साली बाहुबली येथे २८ फूट उंचीची भगवान बाहुबलींची मूर्ती प्रतिष्ठापित झाली. स्तवनिधी, कारकल, खुरई अशा ठिकाणी गुरुकुले निघाली. १९६० च्या दशकात वेरूळ येथे श्री पार्श्वनाथ ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल उभे राहिले आणि पूज्य आर्यनंदी महाराजांनी त्यासाठी अपार परिश्रम घेतले. मराठवाडा तोवर महाराष्ट्रात आला होता, नाके उठले होते, आणि आपल्या भागातील मुलांना वऱ्हाडाऐवजी वेरूळ सोयीचे झाले.

मात्र एका गोष्टीवर थांबले पाहिजे. गुरुदेवांनी कोणतीही संस्था स्वतःच्या मुठीत ठेवली नाही. कारंजाचे काम मार्गी लागताच ते ब्र. माणिकचंद चवरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या हाती सोपवून ते पुढे निघाले. बाहुबलीला ब्र. माणिकचंद भिसीकर आणि ब्र. गजाबेन यांच्यासारखे शिष्य लाभले. जयपूरचे विद्यालय एका व्यक्तीवर उभे होते. ती व्यक्ती तुरुंगात गेली आणि विद्यालय विस्कटले. हे ज्या विद्यार्थ्याने पाहिले, त्याने आपली गुरुकुले मात्र अशी बांधली की शिक्षक निघून गेला तरी दुसऱ्या दिवशी पहाटेची घंटा वाजावी. कोणत्याही संस्थेच्या, विश्वस्त मंडळाच्या दृष्टीनेही, हा धडा साधा नाही. आपल्याकडे अध्यक्षांच्या खुर्चीला हात लावणे किती कठीण असते, हे सांगावयास नको.

सेठीजींचे उत्तरायुष्य अजमेरमध्ये गेले. सुटकेनंतर ते काँग्रेसच्या कार्यात पडले, राजपुतान्यातील अग्रणी नेते झाले आणि पुन्हा तुरुंगातही गेले. हिंदू-मुसलमान ऐक्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. परंतु पक्षांतर्गत तंट्यांत ते नामोहरम झाले आणि मागे पडले. १९३४ च्या जुलैमध्ये महात्मा गांधी अजमेरला आले असता स्वतः सेठीजींच्या घरी गेले. ज्याच्या घरी महात्मा जातो, त्या घरी त्या वेळी दारिद्र्य होते. चरितार्थासाठी या विद्वानाने अखेरच्या काळात मुलांना शिकविण्याचेच काम केले, त्यांत मुसलमान मुलेही होती. जयपूर राज्याची नोकरी नाकारून ज्या मास्तरकीपासून प्रारंभ केला, तिच्यापाशीच ते परत आले. १९४१ च्या डिसेंबरात अजमेर येथे त्यांचे निधन झाले. त्यांची जातिपातीपलीकडची वृत्ती समाजातील अनेकांना रुचली नव्हती. त्यामुळे अखेरच्या दिवसांत समाजाने त्यांची जितकी विचारपूस करावयास हवी होती, तितकी केली नाही. ही उणीव अजमेरकरांची होती, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. कारंजाच्या आणि बाहुबलीच्या रूपाने ज्या समाजाला या गुरुजींच्या विद्येचे फळ मिळत होते, तो समाज दक्षिणेत होता आणि त्याच्यापाशी द्रव्यही होते.

व्यापाऱ्याच्या वहीत जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. सेठीजींच्या खात्यावर नावे बाजूला निमेजचे दोन जीव आहेत आणि करकंबचा पंचवीस वर्षांचा मुलगा आहे. तो प्रत्यक्ष विष्णुदत्तांच्या शिकवणीने गेला, हे खरे. पण मुलगा ज्याच्या शाळेत ठेवला, जाबही त्यालाच द्यावा लागतो. जमेच्या बाजूला करमाळ्याचा दुसरा मुलगा आहे आणि त्याच्या मागून आलेली पिढ्यान्‌पिढ्यांची रांग आहे. या दोन बाजूंची वजाबाकी करून शिल्लक काढावी, असे कोणास वाटेल. तशी ती निघत नाही. मोतीचंदांच्या नावापुढे हुतात्मा लिहावे, आणि निमेजच्या महंतांसाठी व त्यांच्या सेवकासाठी क्षमापनेच्या दिवशी मनोमन ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणावे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. जैन माणसाला हे अवघड जाऊ नये.

समंतभद्र महाराजांना दीर्घ आयुष्य लाभले. १९८८ च्या ऑगस्टमध्ये बाहुबली येथे त्यांनी देह ठेवला, तेव्हा वयाची शहाण्णव वर्षे पूर्ण झाली होती. मोतीचंदांच्या फाशीला त्र्याहत्तर वर्षे आणि सेठीजींच्या मृत्यूला सेहेचाळीस वर्षे लोटली होती. त्या दिवशी कारंजा, बाहुबली, वेरूळ येथील गुरुकुलांतील मुले पहाटे नेहमीच्या वेळी उठली होती. करकंब हे गाव पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाताना लागते. बाहुबलीच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या भागातील गाड्या पुष्कळदा पंढरपूरवरूनच जातात.